पापलेट लहान का होत चालले? : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

किनाऱ्यावरील घटत्या मासळीविषयीचे टिपण गेल्या अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर बडोद्यातून आणि भरूचमधून अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक पत्रे आली. ज्या शहरातून समुद्र दिसत नाही तेथील वाचकांना हा विषय इतका जिव्हाळ्याचा वाटावा, याचा मनापासून आनंद वाटतो. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. काही वाचकांनी नाव छापू नये असे कळवले आहे, म्हणून सर्वांचीच नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमचे घराणे मूळचे अलिबागकडचे, पण चार पिढ्या बडोद्याच्या दांडिया बाजारात गेल्या. माझ्या सासूबाई सांगत की पूर्वी दोन पापलेटांत सगळ्या घराचे जेवण होई. आता कितीतरी अधिक पैसे मोजूनही तळहाताएवढी पापलेटे पदरात पडतात. विक्रेते म्हणतात, मोठा माल परदेशी जातो. हे खरे आहे, की मोठे पापलेट समुद्रातच उरलेले नाही?

उत्तर : विक्रेते खोटे सांगत नाहीत, पण ते अर्धेच सांगतात. मोठे पापलेट बंदरावरच आकारानुसार वेगळे काढले जाते, त्याला निर्यातीत आणि मोठ्या हॉटेलांत चढा भाव मिळतो आणि आपल्यासारख्या आतल्या शहरात त्याखालच्या प्रतीचा माल येतो, हे खरेच आहे. मात्र निर्यात पूर्वीही होत होती. बदल झाला आहे तो जाळ्यात येणाऱ्या माशाच्या आकारात, आणि त्याचे कारण जाळ्यात शोधावे लागते.

सातपाटीसारख्या बंदरांतील मच्छीमार पापलेटासाठी परंपरेने मोठ्या आसाचे, म्हणजे मोठ्या छिद्रांचे, जाळे पाण्यात पडद्याप्रमाणे सोडत आले आहेत. त्यात पूर्ण वाढीचा मासा कल्ल्यांपाशी अडकतो आणि लहान मासा निसटून जातो. याउलट ट्रॉलचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढत नेले जाते, आणि त्याच्या शेवटच्या पिशवीचे आस बारीक असले तर त्यातून काहीच सुटत नाही. डोल जाळ्याची गोष्टही निरखून पाहण्यासारखी आहे. मुख्यतः बोंबलासाठी असलेले हे शंकूच्या आकाराचे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड उघडे ठेवून उभे केले जाते आणि पाण्याबरोबर येणारे सर्व काही त्याच्या टोकाशी असलेल्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, जमा होते. खोल्याची गाठ सोडली की होडीच्या फळ्यांवर ओला ढीग पसरतो. त्यात बोंबील असतात, मांदेली असते, जवळा असतो, आणि हाताने तो ढीग जरा विस्कटला की रुपयाच्या नाण्याएवढी चंदेरी पापलेटे मिळतात. ती परत पाण्यात टाकून उपयोग नसतो, कारण खोल्यातील दाबाने ती आधीच मेलेली असतात. किलोभर वजनात अशी किती पिल्ले मावत असतील याची कल्पना करावी. त्यांतील थोडी जरी वर्षभर वाढली असती तरी त्यांचे वजन आणि मोल दोन्ही अनेक पटींनी वाढले असते.

अतिमासेमारीचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात मासा पुरता वाढण्याआधीच पकडला जातो. मासे संख्येने मिळत राहतात, पण लहान मिळतात. दुसऱ्यात अंडी घालण्याच्या वयाचे मासेच इतके कमी होतात की पुढची पिढी पुरेशी निपजत नाही. पहिला प्रकार पुष्कळ काळ चालू राहिला की दुसरा जवळ येतो. बियाण्याचे भात शिजवून खाल्ल्यावर पेरणीच्या वेळी जे होते, तेच येथे होते. त्यातच मोठी, वयस्क मादी ही लहान मादीपेक्षा केवळ वजनाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहूनही अधिक अंडी घालते. म्हणून आपल्या सासूबाईंच्या आठवणीतले मोठे पापलेट नाहीसे होणे, ही केवळ ताटातली उणीव नाही. समुद्रातील प्रजननाची मोठी शक्तीच त्याबरोबर कमी झालेली असते.

प्रश्न : मग ग्राहकाने किती लांबीचा मासा घ्यावा? काही नियम आहे का? (प्रतापगंज)

उत्तर : आहे, आणि तो प्रत्येक मासेखाऊ घराला ठाऊक असायला हवा. केरळने २०१५ मध्ये देशात प्रथम माशांच्या किमान लांबीचा कायदेशीर नियम लागू केला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तो केला. त्यानुसार पापलेटासाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० मिलिमीटर, बांगड्यासाठी ११० मिलिमीटर आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे. त्याहून लहान मासा पकडणे आणि विकणे नियमाविरुद्ध आहे. ही अगदी खालची मर्यादा आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. १३५ मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. शक्य असेल तेव्हा याहून बराच मोठा मासा घ्यावा आणि ते परवडत नसेल तर पापलेटाऐवजी दुसरी, लवकर वाढणारी मासळी घ्यावी.

गुजरातच्या नियमांत भर आहे तो जाळ्यावर. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीचे आस ४० मिलिमीटरचे आणि चौकोनी असावेत, असा नियम येथे बऱ्याच वर्षांपासून आहे. चौकोनीच का, असा प्रश्न पडेल. नेहमीच्या जाळ्याचे आस तिरपे असतात. जाळे ओढले जाऊ लागले आणि मागे वजन वाढले की ते ताणून मिटतात, त्यामुळे कागदावर मोठे असलेले छिद्र पाण्यात बंदच राहते. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो आणि पिल्लांना वाट मिळते. इतकी साधी सुधारणा आहे. ती सर्वत्र पाळली जात नाही, कारण पिल्लांनाही गिऱ्हाईक आहे: बारीक, मिसळ मासळी फिशमीलच्या, म्हणजे मासळी वाळवून केलेल्या भुकटीच्या, कारखान्यांत जाते. जोवर तिचा भाव बंदरावर रोख मिळतो, तोवर केवळ नियमाच्या बळावर ती सुटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : केंद्रीय संस्थेचे शास्त्रज्ञ म्हणतात की भारतातील बहुतेक मत्स्यसाठे सुस्थितीत आहेत. मच्छीमार म्हणतात की समुद्र रिकामा झाला. गुजरात तर मासळीच्या उत्पादनात पहिला आहे. आम्ही कोणावर विश्वास ठेवावा? (निवृत्त सांख्यिकी अधिकारी, अलकापुरी)

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने देतो.

आधी आकडे पाहू. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशाच्या मुख्य भूमीवरील बंदरांत २०१२ मध्ये सुमारे ३९ लाख टन समुद्री मासळी उतरली. २०२३ मध्ये ती सुमारे ३५.३ लाख टन आणि २०२४ मध्ये सुमारे ३४.७ लाख टन होती. २०२४ मध्ये गुजरात सुमारे ७.५ लाख टनांसह पहिला होता. एका भागातील एका जातीच्या माशांचा समूह म्हणजे एक साठा. याच संस्थेने २०२२ मध्ये अशा १३५ साठ्यांची पाहणी करून त्यांतील ९१.१ टक्के साठे चांगल्या स्थितीत असल्याचा निष्कर्ष काढला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या जागतिक पाहणीत मात्र १९७४ मध्ये अतिमासेमारीखाली असलेल्या साठ्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते आणि आता ते एक तृतीयांशाहून अधिक झाले आहे. म्हणजे जगाच्या तुलनेत आपले चित्र बरे दिसते.

हे आकडे बनावट नाहीत. संस्थेचे कर्मचारी वर्षभर ठरावीक पद्धतीने निवडलेल्या बंदरांवर जातात, निवडलेल्या नौकांतील मासळी जातवार मोजतात, नमुन्यांची लांबी घेतात आणि त्यावरून अंदाज बांधतात. आपण स्वतः या क्षेत्रातले असल्याने या कामाची किंमत आपल्याला सांगायला नको. परंतु बंदरात किती मासळी उतरली हे एक, आणि समुद्रात किती उरली हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे काढताना एक राशी नेहमी विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे श्रम. जी नौका पूर्वी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येई, ती आज वेरावळहून अनेक दिवसांचा बर्फ आणि डिझेल घेऊन निघते, जीपीएस आणि मासे शोधणारे ध्वनियंत्र वापरते, आणि पूर्वी कोणी जात नसे इतक्या खोल पाण्यात जाळे टाकते. एवढे करून एकूण टनांचा आकडा जेमतेम टिकत असेल, तर प्रत्येक तासाच्या ओढीमागे मिळणारा वाटा घसरलेला असतो. मच्छीमार सांगतो तो हाच वाटा. डिझेलचा खर्च वजा जाता खलाशांच्या हाती काय उरते, ते त्यालाच ठाऊक असते.

दुसरी गोष्ट जातींची. एकूण वजनात घोळ, दाढा, मोठी सुरमई, मुशी आणि वाम यांची जागा लवकर वाढणाऱ्या, अल्पायुषी मासळीने घेतली, तरी बेरीज तीच राहू शकते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जगभरच्या नोंदींवरून हे दाखवून दिले की मासेमारी आधी अन्नसाखळीच्या वरच्या टोकाचे मोठे शिकारी मासे संपवते आणि मग एकेक पायरी खाली उतरते. मोठे शिकारी मासे गेल्यावर त्यांचे भक्ष्य असलेली लहान मासळी आणि कोळंबी काही काळ वाढतेही, आणि उत्पादन चांगले असल्याचा भास होतो. त्याच पॉली यांनी १९९५ मध्ये आणखी एक निरीक्षण मांडले होते: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्र हाच मूळचा समुद्र मानते आणि तेथून पुढची घट मोजते. १३५ साठ्यांच्या पाहणीलाही ही मर्यादा आहेच. एखादा साठा आजच्या पातळीवर टिकून आहे, याचा अर्थ तो पूर्वीइतका आहे असा होत नाही.

एकाच वर्षाच्या घसरणीवरूनही निष्कर्ष काढू नये. २०१९ मध्ये महाराष्ट्रात केवळ २.०१ लाख टन मासळी उतरली. त्याआधीच्या ४५ वर्षांतील तो नीचांक असल्याचे संस्थेनेच म्हटले. पण त्या वर्षी अरबी समुद्रात 'क्यार', 'महा' अशी एकामागून एक चक्रीवादळे झाली आणि मासेमारीचे दिवसच कमी भरले. तेव्हा दोघांवरही विश्वास ठेवावा, मात्र दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारावेत. शास्त्रज्ञांना विचारावे की प्रत्येक तासामागे किती आणि किती लांबीची मासळी मिळाली. मच्छीमारांना विचारावे की कोणते मासे दिसेनासे झाले. या दोन प्रश्नांची उत्तरे मी जेव्हा जेव्हा वाचली वा ऐकली, तेव्हा ती एकमेकांशी जुळलेलीच आढळली.

प्रश्न : समुद्र तापतो आहे, प्रवाह बदलत आहेत. मग दोष मासेमारीला का द्यायचा? (अभियंता, मकरपुरा)

उत्तर : आपल्या शंकेला आधार आहे. केरळात तारलीचे, म्हणजे तेथील 'मत्ती'चे, उत्पादन २०१२ मध्ये जवळजवळ ४ लाख टन होते आणि २०२१ मध्ये ते अवघे ३,२९७ टन झाले. तारलीची वाढ पाण्याचे तापमान, पाऊस आणि तळातून वर येणाऱ्या पोषक पाण्यावर इतकी अवलंबून असते की या घसरणीत हवामानाचा, विशेषतः २०१५ च्या एल निनोचा, मोठा हात होता असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे ती पुन्हा वाढलीही.

परंतु निसर्गाचे वाईट वर्ष आणि जास्तीची मासेमारी ही एकमेकांना पर्याय असलेली कारणे नाहीत. वाईट वर्षात प्रजननक्षम मासे पुरेसे शिल्लक असतील तर साठा सावरतो. नसतील तर कोसळतो. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉडचे तसेच झाले. शतकानुशतके पुरलेला हा मासा मोठ्या ट्रॉलरांनी काही दशकांत इतका उपसला की जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारी पूर्ण बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार एका निर्णयाने गेला. त्या वर्षांत पाणी नेहमीपेक्षा थंड होते हेही खरे आहे. बंदी काही वर्षांपुरती असेल असे तेव्हा वाटले होते. ती २०२४ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, राहिली. याउलट उत्तर समुद्रातील हेरिंगची मासेमारी १९७७ मध्ये थांबवली गेली आणि काही वर्षांतच साठा सावरून ती पुन्हा सुरू करता आली. पाण्याचे तापमान बंदरावर बसून बदलता येत नाही. जाळ्याचे आस बदलता येतात.

प्रश्न : या सगळ्यात गरीब कोळ्यांना आणि खारव्यांना गुन्हेगार ठरवले जाते, हे अन्यायाचे नाही का? (शिक्षिका, रावपुरा)

उत्तर : अन्यायाचेच आहे. किनाऱ्यावर ट्रॉलर आणले कोणी, हे आधी पाहावे. १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ, नॉर्वे आणि भारत यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळच्या नीण्डकरा येथे यांत्रिक नौकांचा प्रकल्प सुरू झाला. हेतू मच्छीमारांचे दारिद्र्य दूर करण्याचा होता. पुढे कोळंबीला परदेशी बाजार मिळाला, कोळंबी तळाशी असते म्हणून तळ खरवडणारा ट्रॉल पसरला, आणि सरकारे कर्ज, अनुदान, स्वस्त डिझेल देत राहिली. समुद्र सर्वांचा आणि त्यातला मासा पकडेल त्याचा. अशा स्थितीत एकाने संयम पाळला तर त्याने सोडलेला मासा शेजारची नौका उचलते. हा एका माणसाच्या लोभाचा प्रश्न नाही. नौकांची संख्या आणि त्यांची ताकद यांवर वेळीच मर्यादा न घातल्याचा तो परिणाम आहे.

किनाऱ्यावरच्या समाजांनी स्वतःहून पाळलेली मर्यादा जुनी आहे. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मग जाळे काढायचे, हा रिवाज कायद्याच्या कितीतरी आधीचा आहे. आज पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, आणि ती नारळी पौर्णिमेपर्यंत वाढवावी अशी मागणी अनेक पारंपरिक मच्छीमारच करतात. भरवस्तीतल्या आपल्यासारख्या ग्राहकांनी हे लक्षात घ्यायला हवे की ज्यांचा चरितार्थ बुडतो, तेच बंदी वाढवून मागत आहेत.

कायदेही आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्यांच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, तर गुजरातचा मत्स्योद्योग कायदा २००३ चा. फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्राने पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला वेढून खालून आवळल्या जाणाऱ्या, जाळ्यांवर कडक निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने १२ मैलांपलीकडच्या पाण्यातही एलईडी दिव्यांची आणि दोन नौकांनी मिळून एक जाळे ओढण्याची मासेमारी बंद केली. हे दिवे पाण्यावर प्रखर उजेड पाडतात, त्याच्या ओढीने थव्याचे थवे वर येतात आणि जाळ्याने त्यांना वेढले की लहान-मोठे काहीच सुटत नाही. बंदीनंतरही हे प्रकार थांबलेले नाहीत. गस्तीच्या नौका थोड्या आहेत आणि समुद्र मोठा आहे, ही अडचण मला मान्य आहे. पण दिवे आणि जनित्रे बंदरावरच नौकेत चढवली जातात आणि मासळीही बंदरावरच उतरते. तपासणी तेथे करायला समुद्रात जावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या राज्याशी फार निगडित आहे. पोरबंदर, ओखा, मांगरोळ, वेरावळ येथील खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात असल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो. जवळच्या पाण्यात चांगली मासळी मिळेनाशी झाली म्हणून नौका सीमेकडे सरकतात, आणि पकडला जातो तो पगारावर काम करणारा खलाशी. त्यांतले कित्येक आपल्या दक्षिण गुजरातचे आणि पालघर जिल्ह्यातील आदिवासी तरुण असतात. मासळी घटल्याची किंमत कोण मोजतो, याचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

प्रश्न : मासे खाणे सोडून द्यावे का?

उत्तर : तशी आवश्यकता नाही. बंदीच्या दोन महिन्यांत ताजी म्हणून विकली जाणारी पापलेट-सुरमई घेऊ नये, पिल्ले घेऊ नयेत, आणि मुशीची पिल्ले व गाभोळी भरलेले मासे मुद्दाम शोधून घेण्याची हौस आवरावी.

प्रश्न : शेततळ्यातली कोळंबी आणि मासे खाल्ले तर समुद्रावरचा भार कमी होईल का?

उत्तर : कोणता मासा, यावर ते अवलंबून आहे. २०२२ मध्ये जगात प्रथमच संवर्धित जलचरांचे उत्पादन पकडलेल्या जलचरांहून अधिक झाले. पण वनामेई कोळंबीच्या खाद्यात फिशमील लागते, आणि ते समुद्रातल्या बारीक मासळीपासूनच होते. म्हणजे जो भार एका बाजूने कमी केला तो काही अंशी दुसऱ्या बाजूने परत येतो. रोहू, कटला, मृगळ यांचे तसे नाही. ते तळ्यातील प्लवक, भाताचा कोंडा आणि पेंडीवर वाढतात. समुद्री मासळीवर वाढलेल्या आपल्या घरांतून गोड्या पाण्यातल्या माशांना नाके मुरडली जातात, हे मी जाणतो. काट्यांची सवय करून घ्यावी लागते, एवढेच. आले-लसणाचे वाटण आणि कोकम लावून तळलेली रोहूची तुकडी कोणालाही आवडेल.

प्रश्न : बडोदे संस्थानाला समुद्रकिनारा होता. त्या काळी याविषयी काही विचार झाला होता का? (महाराजा सयाजीराव विद्यापीठातील विद्यार्थी)

उत्तर : झाला होता. नवसारी, कोडीनार आणि ओखामंडळ या भागांमुळे संस्थानाच्या वाट्याला किनारा आला होता. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत जेम्स हॉर्नेल या सागरी जीवतज्ज्ञाकडून ओखामंडळच्या सागरी प्राणिजीवनाची पाहणी करवून घेण्यात आली आणि तिचा अहवाल दोन भागांत, १९०९ आणि १९१६ मध्ये, प्रसिद्ध झाला. मोत्यांचे शिंपले, शंख आणि तेथील इतर जीवांचा त्यात अभ्यास आहे. हेतू उत्पन्न वाढवण्याचाही होता, हे उघड आहे; तरीही पाण्यात काय आहे ते आधी नीट पाहून घ्यावे, मग उपशाचे ठरवावे, हा क्रम त्यात पाळला गेला. आपण प्राणिशास्त्राचे विद्यार्थी असाल तर हा अहवाल अवश्य मिळवून वाचा. शंभर वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावर काय होते याची इतकी तपशीलवार नोंद फार थोड्या ठिकाणांबद्दल उपलब्ध आहे, आणि आजच्या पाहणीशी ती ताडून पाहणे हा प्रबंधाचा उत्तम विषय होईल.

प्रश्न : आम्ही भरूचचे. पावसाळ्यात नर्मदेत येणारी चाकसी आता क्वचितच दिसते. तीही अतिमासेमारीने गेली का?

उत्तर : बंगालात जिला इलिश म्हणतात, तीच ही मासळी, मराठीत तिला पाला म्हणतात. ती वाढते समुद्रात, पण अंडी घालण्यासाठी पावसाळ्यात नदीच्या गोड्या पाण्यात चढते. त्यामुळे तिच्यावर दोन्हीकडून संकट आहे. वर चढणारी मादी अंडी घालण्याआधीच मुखाशी जाळ्यात सापडते, आणि खाली उतरणारी पिल्ले खाडीतल्या बारीक आसाच्या जाळ्यांत जातात. हा भाग मासेमारीचा. दुसरा भाग नदीचा. धरणांमुळे पावसाळ्याखेरीज मुखाकडे येणारे गोडे पाणी घटले, खारे पाणी आत शिरले आणि माशाला नदी ओळखण्याची खूणच पुसट झाली. गंगेवर १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाल्यावर पूर्वी अलाहाबादपर्यंत जाणारी इलिश वरच्या प्रवाहातून जवळजवळ नाहीशी झाली. नर्मदेच्या मुखाजवळील भाडभूतच्या बंधाऱ्याला नर्मदेकाठच्या मच्छीमारांनी विरोध केला तो याच अनुभवाच्या भीतीने. बंधाऱ्याने खारे पाणी रोखले जाईल, शेतीला आणि पिण्याला गोडे पाणी मिळेल, हा लाभ खरा आहे. पण माशाला वर जाण्याची वाट त्यात नसेल तर जाळ्यांचे कितीही नियम केले तरी चाकसी परत येणार नाही.

नदीत वाट शिल्लक असेल तर काय करता येते, याचे उदाहरण बांगलादेशाचे आहे. तेथे २५ सेंटिमीटरहून लहान इलिश पकडण्यावर नोव्हेंबर ते जून बंदी असते, ऑक्टोबरच्या सुमारास अंडी घालण्याच्या काळात २२ दिवस इलिशची मासेमारी पूर्ण बंद ठेवतात, आणि या काळात मच्छीमार कुटुंबांना सरकारकडून तांदूळ दिला जातो. २००२-०३ मध्ये सुमारे २ लाख टनांवर असलेले उत्पादन पुढे पंधरा वर्षांत ५ लाख टनांपलीकडे गेले. तांदळाचे वाटप अपुरे पडते अशा तक्रारी तेथेही आहेत, आणि अलीकडे उत्पादन पुन्हा घसरल्याचेही दिसते. तरी बंदीबरोबर पोटाची सोय केली तर मच्छीमार ती पाळतात, एवढे त्यातून निश्चित दिसून आले. भरूचच्या मच्छीमारांसाठी अशी मागणी करायची असेल तर ती आषाढात, मासा नदीत चढू लागण्याच्या आधी, जिल्हा मत्स्योद्योग कार्यालयाकडे लेखी करावी, आणि तीत पावसाळ्यातील प्रवाह व बंधाऱ्यातील वाट या दोन्हींचा उल्लेख असावा.